डाव्या अंगाचा कार्यक्रम

३ नोव्हेंबर, सोम.

चंद्रपूरहून आत्ता आलो. रिपोर्ट आला. कॅन्सर आहेच.

डावीकडचं पूर्ण काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. छातीतली गाठ आवळ्याएवढी आणि काढायचं सगळं. मी विचारलं, अर्धं ठेवता नाही का येत? शिंप्याला विचारावं तसं. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. ऑपरेशन २ डिसेंबरला. त्याआधी रक्त, एक्स-रे, छातीची ईसीजी पट्टी. नंतर औषधाचे डोस. केस जातील म्हणे, परत येतील.

बसमध्ये ह्यांनी फल्लीची पुडी घेतली आणि मूल गावापासून गडचिरोलीपर्यंत एकटेच खात बसले. मला विचारलंसुद्धा नाही. टरफलं शर्टाच्या खिशात भरत होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

कुठे लिहावं समजत नव्हतं. अंगणवाडीच्या जुन्या वजनाच्या रजिस्टरची मागची पानं कोरी आहेत. आता वजनं मोबाईलमध्ये भरावी लागतात. हे रजिस्टर कोणी मागत नाही.

४ नोव्हेंबर

अंगणवाडीत गेले. सतरा पोरं आली. कोणाला काही सांगितलं नाही. मदतनीस बाई म्हणाली, "मॅडम, खिचडीत गाठी झाल्या." हातातला डावच खाली पडला माझ्या.

वजनाच्या झोळीत ठेवायला पोरगं उचललं की ते आधी छातीला बिलगतं. वीस वर्षं हे काम करते, कधी लक्षात आलं नव्हतं. डावीकडे बिलगलं की मी श्वास धरून ठेवते. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

६ नोव्हेंबर, गुरु.

मयूरी आली, सुट्टी टाकून. एकुलती एक पोरगी आमची. गडचिरोलीत औषधाच्या दुकानात असते, खोली करून राहते. फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण "ये" म्हटलं तेव्हाच तिला समजलं असणार. रिपोर्ट तिने माझ्यापेक्षा नीट वाचला. मग मोरीवर बसून घरातली सगळी भांडी घासली. घासलेली परत घासली.

"दुखते का आई?"

"नाई ना. तेच तर."

हे अंगणात ट्रॅक्टरचं काहीतरी पुसत होते. ट्रॅक्टर मालकाचा, हे त्यांच्याकडे कामाला. धानाचे दिवस, हे सकाळी जातात ते अंधार पडता पडता येतात. मी लुगडं बदलायला लागले की हे उठून बाहेर जातात. चार दिवसांपासून.

८ नोव्हेंबर, शनि.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी म्हटलं होतं, मनाची तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय करायचं ते सांगितलं नाही. मी तिथे एकच विचारलं होतं. कापलेलं कुठे जाते? त्या म्हणाल्या, तपासणीला जाते. आणि मंग? मंग जाळून टाकतात.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. माझ्या आधी माझा एक तुकडा जळणार. त्याच्यासोबत कोणी जाणार नाही. 

जन्माला काही ना काही करतात, लग्नाला करतात, मौतीला करतात. याला काहीच नाही. शेजारची वहिनी म्हणाली एक बाबा आहे, त्याच्याकडे कोंबडं कबूल कर. मी नाही म्हटलं. देवाकडे काय मागू? गाठ राहू दे म्हणू?

मयूरीला बोलले हे. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, तू गावभरच्या बायांचे कार्यक्रम करते. ओटीभरण करते, पोरांच्या पहिल्या घासाचा करते. सरकारी पत्रकात देव नसते, तरी बाया रडतातच ना? तुहा एक कर."

"कशाचा?"

"निरोपाचा."

मी हसले. बॅनरवर काय लिहायचं म्हणून. मग दोघी हसलो आणि मला घाम सुटला.

९ नोव्हेंबर

हत्ती आलेत. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली, धान राखायला कोणी शेतावर थांबू नका. गावात सगळे घाबरलेले. मी नाही घाबरले. तेवढा वेळ बरं वाटलं.

मयूरी परत गेली.

१० नोव्हेंबर, सोम.

कार्यक्रम करायचा म्हटला तर बोलवायचं कोणाला? मी यादी करायला घेतली. ज्यांचा त्याच्याशी संबंध आला, तेवढेच. मयूरी. हे.

आणि प.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. पूर्ण नाव लिहायला हात अडतो. प. म्हणजे मालकाची मुलगी.

लिहून टाकते. मयूरी चार महिन्यांची होती तेव्हा. मालकाची बायको बाळंत झाली आणि नवव्या दिवशी गेली. अंगावरून जायचं थांबलंच नाही. पावसाचे दिवस, नाला भरलेला, आठ दिवस बस नाही. लेकराला म्हशीचं दूध देत होते, ते ओकून टाकायचं. मग एक दिवस दुपारी मालकाची आई आमच्या मागच्या बाडीतून आली. पदराखाली झाकून आणलं होतं. कुंपणाच्या तुराट्या हातानं बाजूला करून.

"देवराव घरी आहे का?"

"नाई."

"मंग घे हिले."

त्यांच्या घरी आमच्या हातचं पाणी चालत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. मी म्हटलं, आजी, चालन का? तर म्हणाली, मरू देऊ का?

सात महिने. रोज दुपारी, माणसं शेतात गेल्यावर. आजीनंच ठरवून दिलं होतं, "तुह्या पोरीले उजव्या अंगाले घे, हिले डाव्या." मयूरीचं उष्टं तिला लागू नये म्हणून. मीही तसंच केलं. कधी चुकले नाही. डावं अंग प.चंच होतं.

शेवटच्या दिवशी आजीनं माझा हात धरून मयूरीच्या डोक्यावर ठेवला. "ह्या लेकराची आन आहे तुले. कोनाले सांगशीन नाई." 

मयूरीला ताप आला की मला ती दुपार आठवते. मी अंगारे-धुपारे मानत नाही, गावाला सांगत फिरते दवाखान्यात न्या म्हणून. पण हे मानते. मानत नाही असं म्हणून पाहिलं, जमत नाही.

१२ नोव्हेंबर, बुध.

ह्यांना सांगितलं. ह्यांनाही आजवर सांगितलं नव्हतं. वाटलं ऑपरेशनमध्ये काही झालं तर कोणालाच माहीत राहणार नाही.

जेवत होते. घास हातात तसाच राहिला.

"मालकाची पोरगी? आपल्या घरी?"

"हो."

घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "वीस वर्स झाले त्याच्या घरी काम करून राह्यलो. माहा चहाचा गिलास गोठ्यात खुंटीले राहते. मीच धुतो, मीच टांगतो." आणि हसायला लागले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. थांबेनात. मला वाटलं यांना काही होईल.

मग एकदम आवाज बारीक झाला. "कोनाले सांगू नको. धान चुरणं चालू आहे. त्याच्या पोरीचं साक्षगंध झालं, फेब्रुवारीत लगन आहे. पाहुणे कडक आहेत. मोडलं तं आपल्याले गावात ठेवन का तो?"

मी म्हटलं, सांगत नाही. 

सांगत नाही म्हटल्यावर भेव कमी व्हायला पाहिजे होतं. नाही झालं.

१४ नोव्हेंबर

अंगणवाडीत बालदिन. प. आली होती, पोरांना खाऊ वाटायला. दरवर्षी येते. बी.एड. झालं आहे, बोलायला मोकळी आहे. पोरांसोबत खाली चटईवर बसली. मी खुर्चीवरून पाहत होते. कान बापाचे आहेत. बाकी आईची.

"मावशी, तब्येत बरी नाई म्हणते तुमची? चंद्रपूरले गेल्ते म्हणे."

"थोडंसं आहे."

"काय आहे पण?"

मी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या.

१६ नोव्हेंबर, रवि.

मालक आणि प. लग्नाच्या कपड्यांसाठी नागपूरला गेले होते म्हणून आज गेले आजीकडे. तिनंच आन घातलेली, तीच सोडवू शकते असं वाटलं. बाडीतूनच गेले, मागच्या दाराने. वय झालं तिचं, डोळ्यांनी दिसत नाही धड. ओसरीवर खाटेवर होती. मी खाली अंगणात बसले.

मी सगळं सांगितलं. कुठली बाजू तेही सांगितलं. वाटलं होतं काहीतरी म्हणेल. हात तरी पुढे करेल.

ती आधी घाबरली. कोणी ऐकत तर नाही, म्हणून चारदा विचारलं. मग म्हणाली, "सांगून काय करतं शोभा? लगन मोडन तिचं. बाप जीव घेईन. माहा का तुहा ते त्याले माहीत."

"आजी, मले फक्त त्या आनेतून मोकळं करा. सांगन का नाई ते नंतर पाहू."

"कापून राह्यले ना ते? मंग झालं. ते गेलं का काई राह्यलंच नाई. कोनी म्हटलं तरी दाखवायले काई नाई."

मी तिथून कशी उठले आठवत नाही. कुंपणात लुगडं अडकलं, फाटलं. 

ती वाईट बाई नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. त्या पावसात तिनं जे केलं ते गावात दुसऱ्या कोणत्या म्हातारीनं केलं नसतं. पण "दाखवायले काई नाई" हे कानात बसलं आहे. पुरावा जाळायला नेतात तसं मी २ तारखेला ते घेऊन जाणार आहे.

१८ नोव्हेंबर

मयूरीला खोकला. फोनवर ऐकला. चार वेळा फोन केला. म्हणते धुळीचा आहे. आजीला बोलले म्हणून झालं का? पण आजीला तर माहीतच होतं, ते सांगणं होत नाही. ह्यांना सांगितलं ते होतं. १२ तारखेला सांगितलं, १८ ला खोकला.

असले हिशेब करत बसते. अंगणवाडीत आईबापांना तर सांगत असते मी, अंधश्रद्धा ठेवू नका म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरु.

गडचिरोलीला रक्त तपासायला गेले. रक्त कमी आहे, वाढलं नाही तर तारीख पुढे जाईल म्हणाले. एक क्षण आनंद झाला. दुसऱ्या क्षणी वाटलं, गाठ आत वाढतेय आणि मी आनंद करते.

मयूरीच्या खोलीवर गेले. खोकला अजून आहे. तिथे तिच्या खाटेवर बसून सगळं सांगून टाकलं. प.चं. उजव्या-डाव्याचं. आन होती एवढंच म्हटलं, कोणाची ते नाही.

ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "म्हणून तू माह्या तापाले एवढी भेत होती?" मग म्हणाली, "आई, आन कोणाच्या डोक्याची घेतली?"

"तुह्या."

"मंग मले कोणी विचारलं? डोकं माहं आहे. मी सोडतो तुले."

माझा हात घेतला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला, डोळे मिटले.  थोड्या वेळाने दोन्ही हातांनी माझा हात उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला. "झालं," म्हणाली. "सुटली." आणि खोकली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. मला नाही आलं. पण येताना बसमध्ये तो हात मी दुसऱ्या हाताने धरून बसले होते. हलका लागत होता खरंच.

२३ नोव्हेंबर, रवि.

ठरलं. ३० तारखेला, रविवारी, दुपारी. मयूरी येईल. ह्यांना विचारलं तर "हूं" म्हणाले. हो की नाही कळलं नाही.

प.ला सांगायचं का? सांगायची इच्छा आहे की सूड घ्यायची? आजीच्या बोलण्याचा? गोठ्यातल्या गिलासाचा? तीन दिवस हेच. माझं ओझं उतरवायचं आणि त्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं, लग्नाच्या तोंडावर. तिला किळस आली तर? माझ्यासमोर ओकली तर? ते मी सहन करू शकणार नाही.

आणि नाही सांगितलं आणि तिकडे टेबलावरच काही झालं तर, तिच्या आईनंतर तिला कोणी जगवलं ते तिला कधीच...

चिठ्ठी लिहिली. फाडली. चुलीत टाकली.

२५ नोव्हेंबर, मंगळ.

सांगितलं.

तीच आली. पोरांच्या आधार कार्डाचं मोबाईलमध्ये भरायला मी तिची मदत घेते कधीकधी. पोरं गेली होती, मदतनीस बाई पाण्याला. आम्ही दोघी आतल्या खोलीत, खाऊच्या पाकिटांच्या पोत्यांजवळ. मी म्हटलं, ऑपरेशन आहे माझं. कुठलं ते सांगितलं. तिचे डोळे भरले. मग मी म्हटलं, "तुले एक सांगायचं आहे. ऐकून तू उठून गेली तरी मी काई म्हणणार नाई."

पोत्यावर बसले. पाच-सहा वाक्यांतच संपलं. मला वाटलं होतं खूप मोठी गोष्ट आहे.

ती मोबाईलकडे पाहत राहिली. स्क्रीन बंद झाली तरी.

"किती दिवस?"

"सात महिने."

"रोज?"

"रोज. एकदा मले ताप होता तेवढा सोडून."

मग तिनं विचारलं, "माही आई कशी होती?" मी याची तयारी केली नव्हती. सांगितलं, उंच होती, जोरात हसायची, विहिरीवर तिचं हसणं आमच्या घरापर्यंत यायचं. तुमच्याशी बोलायची का, तिनं विचारलं. बोलायची. दुरून.

प. उठली. ओढणीला हात पुसले, काही लागलं नव्हतं तरी. चपला घातल्या आणि गेली. आधारचं अर्धं भरलेलं तसंच राहिलं.

२६ नोव्हेंबर

आज आली नाही. फोन नाही. मी करत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरु.

सकाळी आठला हे कामावरून परत आले. दारात उभे. "मालकानं वापस पाठवलं. आज येऊ नको म्हणे."

 वाटलं, समजलं मालकाला. पोरीने सांगितलं.  ह्यांना खरं सांगावं लागलं की मी तिला सांगितलं आहे. हे ओरडले नाहीत. खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी म्हटलं होतं तुले. म्हटलं होतं ना?"

दुपारपर्यंत असेच. स्वयंपाक केला नाही. कोणती भांडी न्यायची, कुठे जायचं, मी मनात मुलचेऱ्याच्या भावाकडे पोहोचलेसुद्धा.

तीनला मालकाचा फोन. थ्रेशरचा पट्टा तुटला होता, नवा आला, उद्या ये.

हे फोन ठेवून माझ्याकडे पाहू लागले. तीन नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं. हसावं की काय कळेना. "जेवाले टाक," म्हणाले.

पण हे असंच राहणार आता. प्रत्येक पट्टा तुटला की आमचा जीव जाणार.

२९ नोव्हेंबर, शनि.

रक्त वाढलं. तारीख तीच.

मयूरी आली. खोकला गेला आहे. बॅनर पाहिजेच म्हणते. ओटीभरणाचा जुना बॅनर काढला, उलटा केला, मागची कोरी बाजू समोर. काहीच लिहायचं नाही असं ठरलं. मी "दोन शब्द" लिहून काढले. कार्यक्रमात दोन शब्द असतातच.

प. येणार नाही. रविवार दुपार म्हणून एवढाच मेसेज पाठवला होता. पाहिल्याची खूण आली, उत्तर नाही.

३० नोव्हेंबर, रवि.

झाला.

दुपारी बारा. बाडीत नाही केला, पुढच्या खोलीत केला, दार उघडं ठेवून. सतरंजी टाकली. दिवा नाही, नारळ नाही, हळदकुंकू नाही. बॅनर खिळ्याला टांगला. वाऱ्यानं पलटला की मागचं छापील गुटगुटीत बाळ दिसायचं. मयूरी परत सरळ करायची.

मी उभी राहून वाचायला लागले. वाचलेलं इथे लिहून ठेवते, थोडक्यात. तेराव्या वर्षी आलं तेव्हा लाज वाटली, खांदे पाडून चालायचे. आई म्हणाली नीट चाल. लग्नानंतर लाज गेली. मयूरी झाली तेव्हा एवढं दूध आलं की लुगडं भिजायचं, मी वैतागायची. नंतर ते आलं हे बरंच झालं. कोणाच्या तरी कामी आलं. आता जात आहे. त्याच्यावर माझा राग नाही. भीती आहे. राग नाही.

एवढंच. कागदाची घडी केली.

मग ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. मला वाटलं नाही बोलणार. हे उभे राहिले, शाळेत उभं केल्यासारखे. "महिनाभर मी तिकडं पाह्यलं नाई," म्हणाले. "तिले वाटलं असन मले नकोशी झाली. तसं नाई. मले भेव लागते. पाह्यलं का वाटे ही जाते आता."  बसले.

मयूरीनं गंजात दूध गरम केलं होतं. एकच वाटी ठेवली, तिच्यातूनच सगळ्यांनी प्यायचं असं तिचं म्हणणं. हे प्याले. मयूरी प्यायली. वाटी माझ्या हातात होती तेव्हा दारात सावली पडली.

पल्लवी.

पुढच्या दारातून. रस्त्यावरून चालत, भर दुपारी, सगळ्यांच्या घरांसमोरून. चेहरा सुजलेला. मयूरीनं जागा करून दिली, ती बसली नाही. वाटीकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "मले पाहू द्या."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा हे उठून बाहेर गेले.

आतल्या खोलीत मी ब्लाऊजची बटणं काढली. तिसरं बटण निघेना. तिनं काढलं. बाईच्या जातीला मी आजवर लाजले नाही, पण तिच्यासमोर... तिनं पाहिलं. खूप वेळ. मग तळहात ठेवला, थंडगार हात, बरोबर गाठीवरच. दाबला नाही.

"इथी होतो मी?"

"इथीच."

"मले काईच आठवत नाई."

"कोनालेच नाई आठवत. मयूरीलेही नाई."

ती रडली नाही. मीही नाही. हात तसाच होता. बाहेर मयूरी बॅनर सरळ करत असल्याचा आवाज येत होता.

मग पल्लवी म्हणाली, "बाबांना मी सांगन. आज नाई. पण सांगन. तुम्ही नका सांगू." मी म्हटलं, लग्न? "ते मले पाहू द्या."  मी तिला थांबवायला पाहिजे होतं. नाही थांबवलं.

ती बाहेर पडली तेव्हा मालकाची जीप रस्त्यावर उभी होती. मुद्दाम आली होती की गिरणीवर जाता जाता थांबली, माहीत नाही. मालक आत बसून आमच्या दाराकडे पाहत होते. पल्लवी जीपजवळून गेली, आत बसली नाही, तशीच पुढे चालत राहिली. जीप तिच्या मागे हळूहळू गेली. वळणापर्यंत मला दिसत होती.

मयूरी म्हणते कार्यक्रम चांगला झाला. हो, झाला. असं वाटतं की आता ते एकटं नाही जाणार. पण जीप डोळ्यांसमोरून जात नाही.

१ डिसेंबर, सोम.

सकाळच्या बसने चंद्रपूर. थांब्यावर शेजारच्या वहिनीनं विचारलं, मालकाची पोरगी काल तुमच्या इथी काऊन आली होती? मी म्हटलं, भेटायले. पुढचं विचारायच्या आत बस आली.

ह्यांनी तीन दिवसांची सुट्टी मागितली होती. मालक "जा" म्हणाले. दुसरं काही नाही. आवाज कसा होता विचारलं तर हे म्हणतात, जसा असते तसा.

भरती झाले. खाट खिडकीजवळची. समोरच्या बाईचं मागच्या आठवड्यात झालं, ती एका हातानं केस विंचरत होती. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "पहिले दोन दिवस जड जाते." बस एवढंच म्हणाली. मला तिला खूप विचारायचं होतं.

पल्लवीला मेसेज केला, पोहोचलो. एकच खूण. फोन बंद असावा. सकाळपासून तसंच आहे.

२ डिसेंबर, मंगळ.

सकाळ. उपाशी ठेवलं आहे. बांगड्या, पोत, सगळं काढून मयूरीकडे दिलं. हिरवा झगा घातला, मागून उघडा. नर्सबाईंनी डाव्या बाजूला पेनाने बाणाची खूण केली. चुकू नये म्हणून. शाई गार लागली.

माझा नंबर दुसरा. पहिली बाई आत आहे.

मघाशी ह्यांचा फोन वाजला. मालक. हे नुसते पाहत राहिले. वाजून वाजून बंद पडला. परत वाजला. नर्सबाई म्हणाल्या, फोन बाहेर घ्या. हे माझ्याकडे पाहतात. यांनी विचारलं नाही, मी उत्तर द्यावं अशा तोंडाने उभे. एवढा मोठा माणूस.

मी म्हटलं, "उचला."

ते व्हरांड्यात गेले. दाराच्या काचेतून पाठ दिसत होती. फोन कानाला. काही बोलत नव्हते, ऐकत होते. मग चालत चालत पुढे गेले, आता दिसत नाहीत.

दहा मिनिटं झाली. मयूरी पाहायला निघाली होती, मी तिला धरून ठेवलं. दोघंही गेली तर मी इथे

चाकाची खाट आली. माझं नाव घेतलं. वही दे म्हणते मयूरी. हे अजून आले नाहीत.